बॅकअपमध्येच दोष निघाला, तर घाई किती करावी?

जपानमधील क्योतो विद्यापीठाच्या महासंगणकावर डिसेंबर २०२१ मध्ये एक विचित्र अपघात घडला. १४ ते १६ डिसेंबर या काळात तेथील साठ्यातून सुमारे ७७ टेराबाइट माहिती नाहीशी झाली. पुसल्या गेलेल्या फायलींची संख्या होती जवळपास ३ कोटी ४० लाख आणि फटका बसला १४ संशोधन गटांना. त्यांपैकी चार गटांची माहिती बॅकअपमधूनही परत मिळणार नाही, असे विद्यापीठाला जाहीर करावे लागले. कोणी हॅकर घुसला नव्हता, आग लागली नव्हती, डिस्कही बिघडली नव्हती. माहिती पुसली होती ती बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रामनेच.

यंत्रणा पुरवणाऱ्या ह्युलेट पॅकार्डच्या जपानी कंपनीने ही चूक पूर्णपणे आपली असल्याचे मान्य केले. घडले ते असे. बॅकअपच्या प्रोग्राममध्ये दहा दिवसांहून जुन्या लॉग फायली पुसून टाकण्याची एक पायरी होती. या प्रोग्रामची सुधारित आवृत्ती तयार झाली आणि जुनी आवृत्ती चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली गेली. या प्रकारचा प्रोग्राम संगणक सुरुवातीलाच पूर्ण वाचून घेत नाही. थोडा थोडा वाचत पुढे जातो. स्वयंपाक अर्धा झालेला असताना समोरच्या पाककृतीचे पान कोणी बदलावे, तसे झाले. नव्या पानावर जी नावे होती, त्यांचा अर्थ जुन्या पानावर सांगितलेलाच नव्हता. कोणत्या कप्प्यातल्या फायली पुसायच्या, ही जागा रिकामी राहिली आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फायलींवर बोळा फिरला.

या घटनेत दोन धडे आहेत आणि ते एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. बॅकअपमधला दोष अतिशय महाग पडतो, म्हणून तो कळताच दुरुस्त करायला हवा, हा पहिला. आणि क्योतोतील नुकसान जुन्या आवृत्तीमुळे नव्हे, तर नवी आवृत्ती चढवण्याच्या पद्धतीमुळे झाले, हा दुसरा. सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपुढे हा पेच वारंवार उभा राहतो. डेटाबेसच्या बॅकअपमध्ये दोष सापडला, तर ठरलेले वेळापत्रक मोडून तातडीने नवी आवृत्ती काढावी, की पुढच्या नियमित आवृत्तीपर्यंत थांबावे?

प्रश्न फक्त संगणकवाल्यांचा नाही

डेटाबेस म्हणजे नोंदींचा व्यवस्थित लावलेला साठा. बँकेतील शिल्लक, रेल्वेचे आरक्षण, वीजबिल, रुग्णालयातील केसपेपर, प्रयोगशाळेतील रक्ततपासणीचे अहवाल, कोणाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे याची नोंद, हे सारे आज डेटाबेसमध्ये असते. तो साठा बिघडला, तर भिस्त असते बॅकअपवर.

दिल्लीच्या ‘एम्स’ने हे अनुभवले आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि बाह्यरुग्ण नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम सुमारे दोन आठवडे कागद-पेनावर आले. देशभरातून आलेले रुग्ण रांगांमध्ये ताटकळले. तरीही ई-हॉस्पिटल प्रणालीतील माहिती परत मिळाली, कारण हल्ल्याच्या तावडीतून सुटलेला एक बॅकअप सर्व्हर शिल्लक होता. त्या बॅकअपमध्येच एखादा दोष असता आणि तो त्याच दिवशी उघड झाला असता, तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

बॅकअपमधील दोष इतर दोषांहून वेगळा असतो तो इथे. एखादे बटण चालत नसेल, तर ते पहिल्याच दिवशी कळते. बॅकअप मात्र रोज घेतला जातो आणि लागतो क्वचितच. त्यातला दोष सहसा गरज पडेल तेव्हाच समजतो, आणि गरज पडते तेव्हा मूळ माहिती आधीच गेलेली असते.

रोजकीर्द आणि खतावणी

बॅकअप म्हणजे नुसती नक्कल, मग त्यात चूक होण्यासारखे काय आहे, असे वाटू शकते. पण चालू डेटाबेसची नक्कल घेणे हे फोटोंच्या फोल्डरची नक्कल घेण्याइतके सोपे नसते.

जुन्या पेढीतील हिशेबाची पद्धत आठवली, तर हे लगेच कळते. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत लिहिला जातो आणि मग खतावणीत त्या त्या खात्यावर चढवला जातो. बहुतेक मोठे डेटाबेस असेच चालतात. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे रोजकीर्दीत जातो. मूळ तक्ते, म्हणजे खतावणी, सवडीने अद्ययावत होते. वीज गेली तरी रोजकीर्दीवरून खतावणी पुन्हा जुळवता येते.

आता समजा, पेढी बंद न करता खतावणीची नक्कल करायची आहे. नक्कल करणारा पहिल्या पानावरून शंभराव्या पानावर पोहोचेपर्यंत मुनीम पाचव्या पानावर नव्या नोंदी करून मोकळा झालेला असतो. म्हणजे नकलेतील पाने वेगवेगळ्या वेळची असतात. अशी नक्कल उपयोगी पडायची, तर त्या मधल्या काळातील रोजकीर्दही सोबत हवी आणि नंतर ती ओळीने चढवायला हवी. रोजकीर्दीचे एक पान गळले किंवा कोणते पान कुठपर्यंत चढवायचे याची खूण चुकली, तरी नक्कल वरवर पूर्ण दिसते. पानांची संख्या बरोबर, बांधणी पक्की, फक्त जमाखर्चाचा मेळ बसत नाही.

‘इन्क्रिमेंटल’ बॅकअपमध्ये आणखी एक गुंता असतो. रोज सगळे उतरवण्याऐवजी कालपासून बदललेला भाग तेवढाच उतरवायचा, अशी ही पद्धत. वेळ वाचतो, जागा वाचते. पण कोणता भाग बदलला, हे सांगणारी यादीच चुकीची निघाली तर? २०१४ मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमके हेच आढळले. आभासी डिस्कचा आकार वाढवताना तो १२८ जीबीची मर्यादा ओलांडून गेला, की बदललेल्या भागांची यादी चुकू शकत होती. या यादीवर विसंबणारी दुसऱ्या कंपन्यांची बॅकअप सॉफ्टवेअर्स ती खरी मानून पुढे जात. रोज रात्री काम पूर्ण झाल्याची हिरवी खूण उमटे, पण घेतलेला बॅकअप निरुपयोगी असण्याची शक्यता असे.

एकाच माहितीच्या दोन-तीन चालत्या प्रती ठेवल्या की बॅकअपची गरज नाही, असाही एक समज आहे. तो खरा नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या साठवण सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत दोष निघाला आणि सुमारे ०.०२ टक्के वापरकर्त्यांच्या पेट्या रिकाम्या दिसू लागल्या. गुगलकडे प्रत्येक पत्राच्या अनेक प्रती होत्या, पण दोषाचा फटका त्या प्रतींनाही बसला. अखेर पत्रे परत आली ती जाळ्यापासून वेगळ्या ठेवलेल्या चुंबकीय टेपवरून. चालती प्रत मूळ प्रतीच्या चुकाही तितक्याच तत्परतेने गिरवते.

मुका दोष आणि बोलका दोष

घाई करावी की नाही, याचे उत्तर शोधताना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो हा, की दोष बोलका आहे की मुका?

बॅकअप सुरू केला आणि तो मध्येच चुकीचा संदेश देऊन थांबला, तर तो बोलका दोष. त्रासदायक खरा, पण प्रशासकाला लगेच कळते. तो दुसऱ्या पद्धतीने बॅकअप घेऊ शकतो, जुनी आवृत्ती वापरू शकतो. असा दोष पुढच्या नियमित आवृत्तीपर्यंत बहुतेकदा थांबू शकतो. मुक्या दोषात मात्र काम यशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि बॅकअप आतून पोकळ असतो. वैद्यकातील उदाहरण घ्यायचे, तर दाढदुखी आणि रक्तदाब यांच्यातला हा फरक आहे. दाढ दुखू लागली की माणूस आपणहून दवाखाना गाठतो; वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे काही बोलत नाही.

बोलका दोषही ऐकणारा कोणी नसेल, तर मुकाच ठरतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून राखीव सर्व्हरऐवजी मुख्य सर्व्हरवरील डेटाबेस पुसायला घेतला. चूक लक्षात येऊन थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचा बॅकअप ठेवण्याची जागा रिकामी होती. कारण बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेसच्या ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ आवृत्तीचा. साधन रोज तक्रार करून थांबत होते, त्याचे ईमेलही पाठवले जात होते, पण ईमेलच्या मांडणीतील त्रुटीमुळे ते वाटेतच नाकारले जात होते. अखेर सहा तासांपूर्वी निराळ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत कामी आली. तरीही सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली ती गेलीच. कंपनीने हे सारे लपवले नाही; दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला.

तीस दिवसांचे गणित

मुक्या दोषाला तातडी का हवी, हे साध्या हिशेबानेही पटते. कोणतीही संस्था सगळे बॅकअप कायमचे ठेवत नाही. जागा पुरत नाही. समजा, एक रुग्णालय तीस दिवसांचे बॅकअप ठेवते. रोज नवा येतो आणि सर्वांत जुना पुसला जातो. आज चढवलेल्या आवृत्तीत मुका दोष असेल, तर उद्यापासून रोज एक खराब बॅकअप आत येईल आणि एक चांगला बाहेर जाईल. दहाव्या दिवशी वीस चांगले उरतील. तिसाव्या दिवशी एकही उरणार नाही.

आता याच्या शेजारी सॉफ्टवेअरचे वेळापत्रक ठेवून पाहावे. पोस्टग्रेस हा जगभर वापरला जाणारा मुक्त डेटाबेस आहे. त्याच्या दुरुस्तीच्या आवृत्त्या साधारण दर तीन महिन्यांनी येतात. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार हा त्यांचा ठरलेला दिवस. दोष मेअखेरीस सापडला, तर ऑगस्टपर्यंत थांबायचे म्हणजे दहा-अकरा आठवडे. तीस दिवसांचे बॅकअप ठेवणाऱ्याकडे तोवर चांगली प्रत उरलेलीच नसेल.

म्हणजे दोष किती जणांना भोवेल, एवढाच विचार पुरेसा नाही. थांबल्यामुळे परतीची वाट बंद होते का, हेही पाहावे लागते. दहा हजारांत एकाला भोवणारा दोष असला, तरी त्या एकाकडे मागे जायला चांगली प्रत राहणार नसेल, तर त्याचे नुकसान भरून येणारे नसते. उलट, लाखो लोकांना दिसणारा पण काहीही न बिघडवणारा दोष आरामात पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबू शकतो.

घाईचा तोटा

मग प्रत्येक मुक्या दोषावर त्याच दिवशी नवी आवृत्ती काढावी का? अनुभव सांगतो, की तसेही नाही.

१९ जुलै २०२४ चे उदाहरण ताजे आहे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटा अपडेट सर्वांना एकाच वेळी पाठवला. तो बॅकअपशी संबंधित नव्हता, पण त्यातील चुकीमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. विमाने रद्द झाली. अनेक देशांतील रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली, पण बंद पडलेले संगणक बहुतांशी एकेक करून हातानेच सुरू करावे लागले.

पोस्टग्रेसलाही असा अनुभव आला आहे. २२ मे २०१५ रोजी त्याच्या ९.४.२ आणि सोबतच्या जुन्या मालिकांच्या आवृत्त्या आल्या. माहिती अधिक सुरक्षित राहावी, म्हणून त्यात एक बदल केला होता. सर्व्हर अचानक बंद पडून पुन्हा सुरू होताना सगळ्या फायली डिस्कवर नीट उतरल्याची खात्री करून घ्यायची. हेतू चांगला होता. पण काही ठिकाणी त्या कप्प्यात सर्व्हरला हात लावायची परवानगी नसलेल्या फायलीही होत्या. तेथे सर्व्हर अडून बसला आणि सुरूच होईना. ४ जूनला ती चूक दुरुस्त करणारी आवृत्ती आली आणि १२ जूनला आणखी एक. तीन आठवड्यांत तीन आवृत्त्या. ज्यांनी पहिली तत्परतेने चढवली, त्यांनाच सर्वाधिक धावपळ करावी लागली.

वेळापत्रकानुसार आलेली आवृत्तीही निर्दोष असतेच असे नाही. १४ नोव्हेंबर २०२४ च्या नियमित आवृत्तीतील एका बदलामुळे पोस्टग्रेसला जोडून चालणारी काही पूरक सॉफ्टवेअर्स अडचणीत आली आणि आठवडाभरात, २१ नोव्हेंबरला, पुन्हा नवी आवृत्ती काढावी लागली. महिनोन्‌महिने तपासलेल्या बदलात असे होत असेल, तर रातोरात केलेल्या दुरुस्तीत ते होण्याची शक्यता आणखी जास्त.

तिसरी अडचण माणसांची आहे. प्रत्येक तातडीची सूचना म्हणजे कोणाची तरी जागरणाची रात्र. एखाद्या जिल्हा पातळीवरील रुग्णालयात किंवा पतसंस्थेत संगणकाचे सगळे काम एकच माणूस पाहत असतो. वर्षातून दहा वेळा ‘तातडीचे’ म्हणून बोलावले, तर अकराव्या वेळी तो धावत येणार नाही. लांडगा आला रे आला, ही गोष्ट सॉफ्टवेअरलाही लागू पडते.

इशारा आधी, आवृत्ती मागाहून

या पेचातून बाहेर पडण्याची वाट पोस्टग्रेसच्याच इतिहासात सापडते. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यात एक गंभीर दोष उघड झाला. मोठ्या संस्था मुख्य सर्व्हरबरोबर एक राखीव सर्व्हर चालवतात. तो मुख्य सर्व्हरची रोजकीर्द वाचत स्वतःची खतावणी लिहीत राहतो, म्हणजे मुख्य सर्व्हर कोसळला तर याने जागा घ्यावी. या राखीव सर्व्हरच्या सुरुवातीच्या टप्प्यात काही व्यवहारांची स्थिती चुकीची नोंदली जाऊ शकत होती. पूर्ण झालेला व्यवहार अपुरा ठरू शकत होता आणि अपुरा पूर्ण. शक्यता कमी होती, पण दोष पूर्णपणे मुका होता. विशेष म्हणजे, जुन्या मालिकांमध्ये तो आला होता त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निघालेल्या दुरुस्तीच्या आवृत्त्यांतून.

प्रकल्पाने दोन कामे वेगळी केली. दोष नेमका कुठे आहे, कोणत्या आवृत्त्यांत आहे आणि तोवर कोणती सोय बंद ठेवावी, हे नोव्हेंबरमध्येच जाहीर केले. दुरुस्त आवृत्ती मात्र तपासून ५ डिसेंबरला प्रसिद्ध केली. सोबत एक महत्त्वाची सूचना होती. नुसती आवृत्ती बदलून भागणार नाही, राखीव सर्व्हर ताज्या पूर्ण प्रतीवरून नव्याने उभारा.

२०२२ मध्ये हाच क्रम पुन्हा दिसला. पोस्टग्रेसच्या १४ व्या मालिकेत काम न थांबवता सूची तयार करण्याच्या आज्ञेत दोष निघाला. डेटाबेसची सूची पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. सूचीत नाव गळले, तर मजकूर पुस्तकात असूनही सापडत नाही. रुग्णाचा अहवाल साठ्यात आहे, पण शोधल्यावर ‘नोंद नाही’ असे उत्तर येते, असा हा प्रकार. हे सर्व्हरचा पूर्ण बॅकअप घेतला, तर बिघडलेली सूचीही जशीच्या तशी त्यात जाते. ही आज्ञा तूर्त वापरू नका, असा इशारा जूनच्या सुरुवातीलाच देण्यात आला आणि १४.४ ही आवृत्ती १६ जूनला निघाली. नियमित आवृत्तीला म्हणजे ११ ऑगस्टला अजून आठ आठवडे होते. तेवढे थांबणे परवडणारे नव्हते. पण दोन आठवड्यांची तपासणी परवडणारी होती.

औषधांच्या बाबतीत हीच रीत आहे. एखाद्या औषधाच्या साठ्यात दोष निघाला, तर ‘हे घेणे थांबवा’ हा संदेश पर्यायी औषध तयार होईपर्यंत रोखून धरत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औषधे परत मागवण्याच्या तीन श्रेणी केल्या आहेत. गंभीर इजा किंवा मृत्यूचा संभव असेल तर पहिली. अपाय होण्याची शक्यता नसल्यात जमा असेल तर तिसरी. सगळ्याच दोषांना एकच घंटा वाजवायची नाही, हा त्यामागचा विचार.

बॅकअपच्या दोषाचीही अशी प्रतवारी करता येते. दोष मुका असेल, घेतलेल्या बॅकअपवर विसंबता येत नसेल आणि टाळण्याची दुसरी वाट नसेल, तर वेळापत्रक मोडून आवृत्ती काढायलाच हवी. दोष मुका आहे, पण एखादी सोय बंद ठेवून तो टाळता येतो, तर इशारा आजच द्यावा आणि दुरुस्ती काही दिवस तपासून मग सोडावी. दोष बोलका असेल आणि पर्याय हाताशी असेल, तर नियमित आवृत्ती पुरे. या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट मात्र सारखीच आहे. दोष सांगायला उशीर करण्याचे समर्थन कुठेच होत नाही. सुरक्षेच्या दोषांत माहिती आधी फुटली तर हल्लेखोरांना वाट सापडते, म्हणून तेथे थोडी गुप्तता पाळली जाते. बॅकअपच्या दोषाचा फायदा घेणारा सहसा कोणी नसतो. गुप्ततेने नुकसान होते ते वापरणाऱ्याचेच.

नवी आवृत्ती जुना बॅकअप बरा करत नाही

तातडीची आवृत्ती आली, ती चढवली, आता काळजी मिटली, असे समजणे ही सर्वांत धोक्याची चूक. नवी आवृत्ती पुढचे बॅकअप नीट घेईल. आधी घेतलेले खराब बॅकअप खराबच राहतील. व्हीएमवेअरच्या प्रकरणातही बदलांची यादी नव्याने सुरू करून पूर्ण बॅकअप पुन्हा घेणे आवश्यक होते. जुन्या साखळीला नव्या कड्या जोडत राहिले असते, तर मुळातली तुटकी कडी तशीच राहिली असती. म्हणून दोषाची बातमी कळल्यावर पहिले काम असते जुने बॅकअप पुसणारी रोजची प्रक्रिया थांबवणे, म्हणजे उरलेल्या चांगल्या प्रती हातच्या जाणार नाहीत. मग दुरुस्ती, मग ताजा पूर्ण बॅकअप आणि शेवटी तो परत उतरवून पाहणे.

यातली शेवटची पायरी सर्वाधिक टाळली जाते. बॅकअप घेतल्याची नोंद सगळे ठेवतात. तो वेगळ्या संगणकावर उतरवून डेटाबेस खरोखर सुरू होतो का, नोंदींची संख्या जुळते का, मागच्या आठवड्यातील ओळखीच्या चार नोंदी सापडतात का, हे फार थोड्या ठिकाणी पाहिले जाते. अशी तालीम दरमहा होत असेल, तर मुका दोष फार काळ मुका राहत नाही. मग उत्पादक आवृत्ती केव्हा काढतो, यावर सगळे अवलंबूनही राहत नाही.

यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी प्रचारात आणलेला ३-२-१ हा नियम लहान दवाखान्यालाही पाळता येतो. माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत त्या इमारतीबाहेर असावी. दोन वेगळ्या पद्धतींनी बॅकअप घेतला, तर एका पद्धतीतील दोष दुसरीला सहसा लागत नाही. आपण वापरत असलेल्या डेटाबेसची आवृत्ती कोणती, हे लिहून ठेवावे आणि त्या सॉफ्टवेअरच्या सूचना कोणाच्या तरी रोज पाहिल्या जाणाऱ्या पत्त्यावर येतील अशी व्यवस्था करावी. बाहेरच्या कंपनीकडून काम करून घेणाऱ्या रुग्णालयांनी आणि पतसंस्थांनी करारात ‘बॅकअप घेतला जाईल’ एवढ्यावर समाधान मानू नये. तो शेवटचा कधी परत उतरवून पाहिला आणि त्याला किती तास लागले, याचे उत्तर लेखी मागावे.

क्योतोत अपघातानंतर बॅकअपचे ते काम आधी थांबवण्यात आले आणि प्रोग्राम सुधारूनच पुन्हा सुरू करायचे ठरले. काही दिवस बॅकअप नसणे हा धोका होताच, पण ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही असा बॅकअप चालू ठेवणे हा त्याहून मोठा धोका होता. तो धोका ओळखायला नवी आवृत्ती लागत नाही. काय बिघडले आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याने ते त्याच दिवशी सांगावे आणि ऐकणाऱ्याने त्याच दिवशी आपला बॅकअप उघडून पाहावा, एवढे पुरते.